मोबाईलवर शॉर्ट फिल्म करताय? आधी कागद, मग कॅमेरा

गॅदरिंगचे दिवस आले की हल्ली नाटुकल्याबरोबर शॉर्ट फिल्म करायचीही टूम निघते. विषय बहुतेक आपल्याच वयाचा असतो. दहावीचं टेन्शन, मोबाईलचा नाद, पहिलं प्रेम, घरातली कुरबुर. मोबाईल हातात आहे, हौस दांडगी आहे, तरी बऱ्याच फिल्म अर्ध्यावर अडकतात. कॅमेरा भारी नसतो म्हणून नव्हे, तर तयारी नसते म्हणून.

मोठ्या शहरातच हे जमतं, असंही काही नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म केली. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची साधी गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री', 'सैराट' नंतर आले.

गोष्ट एका ओळीत बसली पाहिजे

'आजच्या तरुणाईच्या समस्या' हा निबंधाचा विषय झाला, फिल्मचा नव्हे. गोष्ट कशी हवी, तर अशी: अकरावीतल्या मुलीची शेवटची एसटी चुकते आणि घरी 'उद्यापासून कॉलेज बंद' असं ठरतं. आता पुढं काय?

या एका ओळीत माणूस आला, अडचण आली आणि गमावण्यासारखं काहीतरी आलं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. पण पास फुकट असून गाडीच आली नाही तर? हा प्रश्न आपल्या तालुक्यातल्या प्रेक्षकाला लगेच कळतो. शेवटी भाषण नको. वडील काहीच न बोलता सायकल काढतात, एवढ्यावर थांबलं तरी पुरतं.

कागदावरचं काम

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. पहिल्या फिल्मला पाच पानं भरपूर झाली. संवाद आपण बोलतो तसेच लिहा. घरात 'आई, मला भूक लागली आहे' असं कुणी म्हणत नाही, 'आई, भूक लागली गं' म्हणतं.

मग शॉटची यादी करा. प्रत्येक शॉटपुढं जागा, वेळ, कोण कोण आणि सामान लिहा. शूटिंग गोष्टीच्या क्रमानं करायचं नसतं, जागेच्या क्रमानं करायचं असतं. घरातले सगळे प्रसंग एका दिवशी, रस्त्यावरचे दुसऱ्या दिवशी. म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर कलाकाराचा फोटो काढून ठेवा. नाहीतर दारात दोन वेण्या असलेली मुलगी घरात शिरताच एका वेणीवर येते.

बसस्टँडच्या आत शूटिंग करायचं तर आगारप्रमुखांची परवानगी घ्या. ती जमत नसेल तर गाडी दाखवूच नका. लांब जाणाऱ्या एसटीचा आवाज आणि रिकाम्या फाट्यावर उभी मुलगी, काम झालं.

शूटिंगच्या दिवशी

मोबाईल आडवा धरा, स्टँड नसेल तर विटांवर टेकवा. फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रसंगात मामाचा फोन येतो. झूम करू नका, स्वतः जवळ जा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा.

भर दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर शूटिंग करा. मावळतीचा उजेड झटकन जातो, त्या प्रसंगाची तालीम आधीच करून ठेवा.

मेमरीचाही हिशोब करा. फुल एचडी चित्रण मिनिटाला साधारण शंभर-दीडशे एमबी खातं. चाळीस शॉट, प्रत्येकाचे चार टेक, अर्धा-अर्धा मिनिट धरलं तरी ऐंशी मिनिटं होतात, म्हणजे आठ ते बारा जीबी. संध्याकाळी सगळं लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा.

आवाज बिघडला की फिल्म बसली

चित्र थोडं हललं तर लोक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून कलाकाराच्या खिशात ठेवा. शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला आवाज आणि चित्र जुळवता येतं. शूटिंगआधी आजूबाजूची मोटार, पंखा, गिरणी बंद आहे का बघा. शेवटी प्रत्येक जागेचा नुसता अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवा, जोडकामाला उपयोगी पडतो. सिनेमातलं गाणं उचलून लावू नका, यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो. त्यापेक्षा गावातल्या पोराची हलगी रेकॉर्ड करा.

सगळ्यात महत्त्वाचं: काम करणाऱ्यांची अब्रू

कलाकार अठराच्या आतले असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि फिल्म कुठं दाखवणार, हे त्यात स्पष्ट लिहा. प्रेमाचा प्रसंग असेल तर जास्तच जपा. दहा सेकंदांचा तुकडा कापून कुणी स्टेटसला ठेवला, तर तो अभिनय होता हे गावाला कोण सांगणार? मुलीचं शिक्षण बंद व्हायला तेवढं पुरतं. म्हणून कच्चं चित्रण एकाच जबाबदार माणसाकडं, शक्यतो शिक्षकांकडं राहू द्या. ग्रुपवर टाकू नका. नको वाटलेला प्रसंग मुलीनं नाकारला तर तो काढा, वाद घालू नका.

गावात खरंच घडलेल्या अत्याचारावर फिल्म करत असाल तर लक्षात ठेवा, पोक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव बदलून भागत नाही, शाळा, घर, वस्तीवरूनही ओळख पटता कामा नये. आत्महत्येचा विषय असेल तर पद्धत दाखवू नका. शेवटी मुलांसाठीचा 1098 आणि मानसिक आधारासाठीचा टेली-मानस 14416 हे क्रमांक द्या.

एडिटिंग झालं की पहिला खेळ कलाकार आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी ठेवा. त्यांनी होकार दिला की मगच गॅदरिंगचा पडदा आणि मगच यूट्यूब.