जवळचा नेम का चुकतो?

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तापीकाठचे हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. लहानपणी जत्रेत माझे लक्ष घोड्यांपेक्षा फुगे फोडायच्या बंदुकीकडे जास्त असे. फुगे फुटायचे. पण फळीच्या कडेला दोऱ्याने टांगलेले नाणे काही हलायचे नाही. "नेम नीट धर ना भाऊ," असे म्हणून फुगेवाला पुढचे पैसे घ्यायचा. बंदुकीची माशी त्याने मुद्दाम वाकवलेली असते, असे आम्ही मुले ठामपणे मानत होतो. ते खरे असो वा नसो, माशी अगदी सरळ असती तरीही ते नाणे आम्हाला सहज लागले नसते.

हे आठवायचे कारण असे. मध्यंतरी जळगावला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात एका सरांनी वेगळीच अडचण सांगितली. त्यांच्या शाळेतली नववीतली एक मुलगी छऱ्याच्या बंदुकीने दहा मीटरवर चांगली नेमबाजी करीत असे. वडिलांनी उसनवारी करून तिला बंदुकीवर बसवायची दुर्बीण घेऊन दिली. त्यानंतर नेम सुधारायचा तर बिघडतच गेला. छर्रे कागदभर विखुरू लागले. मुलीचा हात थरथरतो, असे ठरवून सरांनी तिला सरावातून काढले होते. "चांगले साधन दिले तर निकाल वाईट कसा येईल?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर मुलीच्या हातात नसून दुर्बिणीत होते. ते समजायला आधी दोन रेषा समजून घ्याव्या लागतात.

बंदुकीला एक नळी असते आणि नळीच्या वर नेम धरण्याचे साधन असते, मग ती खाच-माशी असो की दुर्बीण. म्हणजे गोळी एका रेषेने निघते आणि नजर दुसऱ्या रेषेने जाते. साध्या माशीची नजर-रेषा नळीच्या मध्यापासून दीड-दोन सेंटिमीटर वर असते, तर दुर्बिणीची चार ते सहा-सात सेंटिमीटर वर. या दोन रेषा समांतर ठेवून चालत नाहीत. त्या पुढे कोठे तरी एकमेकींना छेदतील अशा बेताने नळी किंचित वर रोखलेली असते. या जुळवणीला नेमबाज 'झिरो करणे' म्हणतात.

वर्गात हे बंदुकीशिवाय दाखवता येते. भिंतीत एक खिळा ठोका आणि त्याला दोन रंगांचे दोरे बांधा. खिळ्यापासून चार मीटरवर उभे राहून एक दोरा फळा पुसायच्या डस्टरच्या वरच्या कडेशी आणि दुसरा खालच्या कडेशी ताणून धरा. डस्टर चार सेंटिमीटर जाड असेल तर दोऱ्यांमधले अंतर डस्टरपाशी ४, एक मीटर पुढे ३, मग २, मग १ आणि खिळ्यापाशी शून्य भरते. वरचा दोरा नजरेचा, खालचा गोळीचा. खिळ्यावर नेम बरोबर आहे, पण एक मीटरवर माशी बसली आणि तिच्यावर नेम धरला तर गोळी तिच्या ३ सेंटिमीटर खालून जाईल. समरूप त्रिकोणांचा धडा दहावीला असतोच. तो शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे, पुस्तकातल्या झाडाच्या सावलीचा मुलांना कंटाळा आलेला असतो.

दोरा सरळ असतो, गोळी मात्र सुटल्या क्षणापासून पडू लागते. भुसावळजवळच्या वरणगावला काडतुसांचा कारखाना असल्याने जळगाव जिल्ह्याला गोळीचे अप्रूप नाही, तरी 'गोळी आधी सरळ जाते आणि मग पडते' ही समजूत इथेही सर्रास ऐकू येते. पॉइंट टू टू रायफलचे उदाहरण घेऊ. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर आणि झिरो ५० मीटरवर केलेला. पन्नास मीटर जाईपर्यंत गोळी साधारण १२ सेंटिमीटर पडते, म्हणून नळी तेवढी वर रोखावी लागते. आता याच जुळवणीने निरनिराळ्या अंतरांवर नेम धरला तर काय होते? ५ मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे २५ मिलिमीटर खाली लागते. १० मीटरवर १२ ते १३ मिलिमीटर खाली. १६-१७ मीटरवर ती नजरेची रेषा पहिल्यांदा छेदते. २५ मीटरवर ती सुमारे ११ मिलिमीटर वर असते आणि ५० मीटरवर परत रेषेवर येते. म्हणजे जवळ गेल्यावर नेम आपोआप सोपा होत नाही. दूरच्या चुकीला गुरुत्वाकर्षण जबाबदार असते, जवळच्या चुकीला साधनाची उंची.

जत्रेतल्या नाण्याचे हेच होते. दहा मीटरसाठी जुळवलेली बंदूक तीन मीटरवर झाडली तर छर्रा साधारण एक सेंटिमीटर खाली जातो. वीतभर फुग्याला त्याचे काही वाटत नाही, नाण्याला वाटते.

ज्या स्पर्धेत लक्ष्याचे अंतर एकच असते तिथे हा घोळ उद्भवत नाही, कारण दोन्ही रेषांचा छेद नेमका त्या अंतरावर आणता येतो. ऑलिंपिकमधली रायफल नेमबाजी अशीच आहे. हवेची रायफल १० मीटरवर, पॉइंट टू टू ५० मीटरवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. या प्रकारांत ती चालतच नाही. तिथे असते पीप साइट, म्हणजे डोळ्यापाशी बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाला कडे.

पण परदेशांत अशाही स्पर्धा होतात, की त्यांत एकाच फेरीत तीन-चार मीटरवरचे पुठ्ठे आणि दोन-तीनशे मीटरवरच्या लोखंडी पाट्या एकाच रायफलने, घड्याळ लावून, टिपायच्या असतात. दूरच्या पाटीसाठी दुर्बीण हवीच. जवळच्या पुठ्ठ्यासाठी मात्र तीच दुर्बीण अडचण होते. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर जेमतेम चार मीटर रुंदीचा भाग दिसतो, म्हणजे दहा मीटरवर चाळीस सेंटिमीटर. पुठ्ठा शोधण्यातच वेळ जातो. शिवाय १०० मीटरवर झिरो केलेली आणि साडेसहा सेंटिमीटर उंच बसवलेली दुर्बीण ५ मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर खाली मारते.

यावर उपाय तीन-चार आहेत. पहिला बिनखर्चाचा, जवळच्या लक्ष्यावर नेम पाठ करून तितका वर धरायचा. मोठ्या पुठ्ठ्याला तो पुरतो. दुसरा, एकपटीपासून सहा-आठपटीपर्यंत बदलता येणारी दुर्बीण. एकपटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, पण पट बदलायला कडे फिरवावे लागते आणि उंचीची चूक राहतेच. तिसरा, दुर्बिणीच्या बाजूला ४५ अंशांत तिरकी बसवलेली दुसरी साइट. रायफल मनगटाएवढी कलती केली की ती डोळ्यासमोर येते. इथे एक खुबी लक्षात ठेवावी लागते. या साइटचा झिरो रायफल कलती धरूनच करावा लागतो, कारण कलल्यावर नळीची 'वर' रोखलेली दिशा तिरकी होते. ती जवळच्याच अंतरावर जुळवली, तर तिथली उंचीची चूकही त्यातच निघून जाते. ही साइट साधी लोखंडी असू शकते किंवा लाल ठिपक्याची. बऱ्याच नियमावल्यांत ठराविक गटाला काचेचे साधन एकच चालते. तिथे निवड नियमच करतो आणि लोखंडी साइट घ्यावी लागते.

लाल ठिपक्याच्या साइटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. अंतर्गोल आरशाच्या नाभीपाशी प्रकाशाचा ठिपका ठेवला तर परावर्तित किरण समांतर निघतात. आरसा पारदर्शक काचेचा केला आणि त्यावर फक्त लाल प्रकाश परतवणारा लेप दिला की समोरचे दृश्य आरपार दिसते आणि त्यावर ठिपका तरंगतो. किरण समांतर असल्याने ठिपका फार दूर असल्यासारखा वाटतो. त्यामुळे डोळ्याला एकदा जवळ, एकदा दूर अशी कसरत करावी लागत नाही. ही कल्पना १९०० साली हॉवर्ड ग्रब या आयरिश दुर्बीणकाराने मांडली, अर्थात लाल दिव्याशिवाय. ग्रब यांच्या डब्लिनच्या कारखान्याची वीस इंची परावर्ती दुर्बीण पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेत होती आणि कावसजी नेगमवाला तिच्यातून वेध घेत. १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली.

आता जळगावच्या मुलीकडे वळू. तिचे अंतर एकच होते, दहा मीटर, आणि झिरोही तिथेच केला होता. म्हणजे उंचीचा दोष नव्हता. दोष होता लंबनाचा. प्रयोगशाळेत प्रकाशीय पट्टावर टाचण्यांचे 'पॅरॅलॅक्स काढताना' डोके डावी-उजवीकडे हलवून पाहतो, तेच हे. दुर्बिणीतली फुली आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच प्रतलात पडली तर डोळा हलला तरी फुली जागची हलत नाही. विक्रेत्याने दिलेली दुर्बीण चारपटीची, पुढचे भिंग ३२ मिलिमीटरचे आणि जुळवणी कारखान्यातच १०० मीटरसाठी पक्की केलेली होती. ती मोठ्या रायफलीसाठी ठीक. दहा मीटरवर तिची प्रतिमा फुलीच्या मागे पडते. अशा वेळी डोळा मधोमध नसल्यास होणारी चूक किती? पुढच्या भिंगाची त्रिज्या १६ मिलिमीटर, तिला अंतरांच्या गुणोत्तराने (१०० वजा १० भागिले १००) गुणले की १४ मिलिमीटरहून थोडे अधिक येते. डोळा एक मिलिमीटर सरकला तर साडेतीन मिलिमीटरची चूक. दहा मीटरच्या लक्ष्यावर शेजारच्या दोन वर्तुळांच्या त्रिज्यांत अडीच मिलिमीटरचा फरक असतो आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गाल दस्त्यावर केसभर इकडेतिकडे झाला की एक-दीड वर्तुळ गेलेच.

हे आम्ही शिबिरातच तपासले. रिकामी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवली, दहा मीटरवर लक्ष्याचा कागद लावला आणि एकेक शिक्षकाने दुर्बिणीतून पाहत फक्त डोके हलवले. बंदूक स्थिर होती, तरी फुली काळ्या वर्तुळावरून फिरत होती. सरांनी दोनदा पाहिले. मग ते म्हणाले, "म्हणजे पोरीचा हात नव्हे, आपली समजूत थरथरत होती."

याला घरगुती उपाय आहे. पुढच्या भिंगावर पुठ्ठ्याचे झाकण घालून मधोमध ८ मिलिमीटरचे भोक पाडायचे. डोळ्यापाशी येणारी प्रकाशाची चकती आठाऐवजी दोन मिलिमीटरची होते. डोळा मध्यापासून एक मिलिमीटरहून जास्त ढळला की काहीच दिसत नाही, त्यामुळे चूक साडेतीन मिलिमीटरच्या आत राहते. प्रतिमा अंधूक होते, पण खान्देशातल्या उन्हात तेवढे चालते. पीप साइटचे रहस्यही हेच. बारीक छिद्र डोळ्याला जागेवर बांधते, आणि टाचणीने कार्डाला भोक पाडून त्यातून पाहिल्यास कळेल की जवळचे अक्षर आणि दूरचा खांब दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

मुलीने ज्या स्पर्धेत उतरायचे होते तिथे दुर्बीण चालतच नव्हती. हे तिच्या वडिलांना खरेदीपूर्वी कोणी सांगितले नव्हते. सरांनी तिला परत सरावाला बोलावले. दुर्बीण आता शाळेच्या प्रयोगशाळेत, पुठ्ठ्याच्या झाकणासह, लंबन दाखवायला वापरतात आणि तिचे पैसे शिक्षकांनी वर्गणी काढून वडिलांना दिले.