छोट्या पडद्यावरचं अंतराळ, कागदावरचं अंतराळ

जुलै १९६७मध्ये अमेरिकेतल्या ‘गोल्ड की’ या प्रकाशनानं ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेचं पहिलं कॉमिक बाजारात आणलं. मालिका सुरू होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. या पहिल्याच कथेत ‘एंटरप्राइज’ यान अशा एका ग्रहापाशी पोहोचतं, जिथं वनस्पतींचं राज्य आहे आणि त्या माणसांच्या जिवावर उठल्या आहेत. शेवटी यान वरून किरणांचा मारा करतं, ग्रहावरची वनसृष्टी जाळून टाकतं आणि निर्धास्तपणे पुढच्या मुक्कामाला निघतं.

मालिका पाहिलेला वाचक इथं अडखळतो. परक्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही, हा दंडक मालिकेनं फेब्रुवारी १९६७मध्येच घालून दिला होता. त्यानंतर पाचच महिन्यांनी आलेल्या या कॉमिकमध्ये मालिकेचे तेच नायक, कर्क आणि स्पॉक, एक अख्खी जीवसृष्टी नष्ट करतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हे कर्क आणि स्पॉक आपल्या वऱ्हाडात आले ते दूरदर्शनच्या कृपेनं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं असलं, तरी अमरावती-अकोल्याकडच्या कवेलूच्या छपरांवर अँटेना दिसू लागले ते बऱ्याच उशिरा. ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, पुढच्या काळात लघुशक्ती प्रक्षेपकांचं जाळं देशभर पसरलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चित्र उमटू लागलं. ‘स्टार ट्रेक’ रविवारी सकाळी लागायचं. संवाद इंग्रजी, त्यामुळे निम्मं डोक्यावरून जायचं; पण टोकदार कानांचा स्पॉक समजायला भाषा लागत नव्हती. मालिकेची कॉमिक्स मात्र इकडच्या वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचली. ती आज संग्रहित आवृत्त्यांमधून वाचता येतात आणि वाचताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की मालिकेवरून काढलेल्या चित्रकथेला जोखायचं कशावर?

समीक्षकांची नेहमीची पट्टी म्हणजे हुबेहूबपणा. त्या पट्टीनं ‘गोल्ड की’ची कॉमिक्स सपशेल नापास होतात. पहिल्या अंकाची चित्रं नेव्हिओ झेकारा या इटालियन चित्रकाराची. पुढे बराच काळ हे काम अल्बर्टो जिओलित्ती यांच्याकडे होतं. जिओलित्तींनी मालिका पाहिलेली नव्हती. हाताशी असलेल्या प्रसिद्धीच्या छायाचित्रांवरून ते चित्रं काढत. त्यामुळे यानाच्या मागून अग्निबाणासारख्या ज्वाळा निघतात, गणवेशांचे रंग भलतेच दिसतात. ब्रिटनमध्ये तर याहून गंमत झाली. तिथल्या एका साप्ताहिकात ‘स्टार ट्रेक’ची चित्रपट्टी जानेवारी १९६९मध्ये सुरू झाली आणि बीबीसीनं मालिका दाखवली ती जुलैत. सुरुवातीच्या भागांत कॅप्टन कर्कचं नावच ‘कर्ट’ छापलं गेलं.

माझ्या मते हे सगळे दोष माफ करण्याजोगे आहेत. जिओलित्तींची रेषा कसलेली आहे. त्यांचे खडकाळ ग्रह, भग्न नगरं, अजस्र प्राणी पाहताना डोळा पानावर रेंगाळतो. मालिकेला हे परवडणारं नव्हतं. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं खर्चाचं होतं म्हणून तर तिथं माणसांना क्षणात ग्रहावर पोहोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरची युक्ती निघाली. कागदावर मात्र साध्या खोलीला लागते तेवढीच शाई ग्रहालाही लागते. तेव्हा यानामागच्या ज्वाळा खपवून घेता येतात. पहिल्या अंकात जाळलेला ग्रह खपवून घेता येत नाही. पहिली चूक रूपातली आहे, दुसरी विचारातली.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधलंच. २३ जानेवारी १९६५ला ‘टीव्ही सेंच्युरी २१’ हे मुलांचं साप्ताहिक निघालं. त्याचं पहिलं पान वर्तमानपत्रासारखं असे आणि त्यावर शंभर वर्षं पुढची, म्हणजे २०६५ची तारीख छापलेली असे. मागच्या पानावर ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डालेक या यंत्रकवचधारी खलनायकांची रंगीत चित्रकथा येई. लेखक म्हणून नाव टेरी नेशन यांचं असलं, तरी लेखन मुख्यतः डेव्हिड व्हिटाकर यांचं होतं. चित्रं रिचर्ड जेनिंग्ज, एरिक ईडन आणि रॉन टर्नर यांची. खुद्द मालिका १९७०पर्यंत कृष्णधवल होती. कागदावरचे डालेक मात्र पहिल्या दिवसापासून रंगीत होते.

या कथेत मालिकेचा नायकच नाही. डॉक्टरला बाजूला ठेवून खलनायकांचा इतिहास, त्यांचं साम्राज्य, त्यांच्या स्वाऱ्या आणि मोठ्या गोल डोक्याचा सोनेरी सम्राट एवढ्यावर १०४ अंक उभे राहिले. मालिकेत नसलेलं कितीतरी इथं आलं. पण डालेकांचा मूळ स्वभाव, म्हणजे आपल्याहून वेगळ्या प्रत्येकाचा द्वेष, कुठंही पातळ झाला नाही. पुढे १९८८च्या एका कथेत तशाच गोल डोक्याचा सम्राट मालिकेनं पडद्यावर आणला. कागदानं पडद्याला परतफेड केली ती अशी.

आता आपल्याकडे वळू. मार्च १९६४पासून १९९०पर्यंत चाललेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं वेताळ आणि मँड्रेक मराठीत बोलते केले. त्यातल्या फ्लॅश गॉर्डननं अंतराळ दाखवलं. पण तो १९३४चा वृत्तपत्री नायक, कागदावरून पडद्यावर गेलेला. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘कॅप्टन व्योम’ आल्या त्या हिंदीत. ‘शक्तिमान’ १९९७मध्ये सुरू झाल्यावर त्याची कॉमिक्सही निघाली. मराठीत विज्ञानकथा समृद्ध आहे. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९चा. पण ही विज्ञानकथा राहिली शब्दांत. मालिका काढायला पैसा लागतो, हे कारण समजू शकतं. चित्रकथेला तेवढा लागत नाही, हे वर पाहिलंच. मग ती का निघू नये?

निदान वऱ्हाडात तरी विषयांचा तोटा नाही. बुलढाणा जिल्ह्यात उल्केच्या आघातानं बसाल्टमध्ये झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर आहे. जून २०२०मध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा जगभर त्याची छायाचित्रं गेली. अकोला-अमरावतीच्या पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. जमिनीखाली पाणी आहे आणि ते पिता येत नाही. परग्रहावर वस्ती करणाऱ्या माणसापुढचा पहिला प्रश्न हाच असेल. दर्यापूरचा एखादा पोरगा परग्रहावरच्या यंत्राला “काहून बे, पाणी काहून खारं?” असं विचारतो, इथून कथा सुरू करता येईल.

डालेकांच्या चित्रकथेला साप्ताहिकाचं एक पान पुरलं होतं. दिवाळी अंकांत पाककृतींना, राशिभविष्याला पानं मिळतात. संपादकांनी त्यातली आठ पानं विज्ञान-चित्रकथेला द्यावीत, लेखक आणि चित्रकाराला एकत्र बसवावं आणि दोघांनाही रीतसर मानधन द्यावं. मग एखाद्या चौकटीत यानामागून ज्वाळा निघाल्या, तरी वाचक सांभाळून घेतील.