बुलडॉगचा हट्ट आणि आपला धीर

बुलडॉग पाळणाऱ्या कुटुंबांच्या तक्रारी बहुधा दोन असतात. फिरायला नेले की तो रस्त्यातच बसतो आणि काही केल्या उठत नाही. आणि खाताना कोणी जवळ गेले की गुरगुरतो. पहिल्याला आपण हट्ट म्हणतो, दुसऱ्याला माज. सल्ला देणारे मात्र दोन्हींवर एकच उपाय सांगतात. साखळी आखूड करा, दोन छड्या द्या, एक वेळ उपाशी ठेवा.

पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे अतिचार ज्यांनी पाठ केले आहेत, त्यांना हा उपाय ओळखीचा वाटावा. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध या पाचांपैकी तीन त्या एका सल्ल्यातच आले. येथे वध म्हणजे प्राण घेणे नव्हे, तर काठीने वा चाबकाने मारणे. बैल-घोड्यांच्या काळात सांगितलेली ही मर्यादा कुत्र्याच्या शिक्षणालाही तंतोतंत लागू पडते. मार खाल्लेला कुत्रा शहाणा होत नाही, भेदरतो. आणि भेदरलेलाच अधिक चावतो.

बुलडॉगचा इतिहासही हिंसेतूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये खुंट्याला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले, त्यासाठी ही जात घडवली गेली. १८३५ साली कायद्याने तो खेळ बंद झाला. पुढे पैदास करणाऱ्यांनी शांत स्वभावाचे कुत्रे निवडले, म्हणून आजचा बुलडॉग बहुधा सौम्य असतो. पण त्याच माणसांनी शोभेसाठी त्याचे नाक चेपत नेले. श्वास अपुरा पडणारा हा प्राणी सांगलीच्या एप्रिलमध्ये भर दुपारी बाहेर नेला, तर तो बसणारच! त्याला ओढत नेल्यास उष्माघाताने जीवही जाऊ शकतो. पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवावे, आणि गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस वापरावा.

गुरगुरणे हा इशारा आहे. तो दटावून बंद केला, तर पुढच्या वेळी इशारा न देताच दात लागतात, आणि घरात लहान मूल असेल तर ते बहुधा चेहऱ्यावर. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडू लागला, तर आधी दुखणे शोधावे. चेहऱ्याच्या घड्यांत ओल राहून चिघळलेली त्वचा, कानाचा संसर्ग, सांधेदुखी हे बुलडॉगचे नेहमीचे आजार. आपल्या भागात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या पशुवैद्याला निदान झाले नाही, तर तेथवर जाण्याचे श्रम घ्यावेत.

ताटलीवरून गुरगुरणाऱ्याची ताटली हिसकावू नये. थोड्या अंतरावरून पनीरचा तुकडा टाकून मागे फिरावे. काही दिवसांत जवळ येणारे माणूस हिरावणारे नसून देणारे आहे, हे त्याला उमजू लागते. तोवर मुलांना त्याच्या जेवणाच्या आणि झोपेच्या जागेपासून दूर ठेवावे. केवळ दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही. शाकाहारी आहारच द्यायचा असेल, तर तो पशुवैद्याकडून आखून घ्यावा. कांदा-लसूण कुत्र्याला घातक. तो प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात सहसा येत नाही. पण बेदाणा येतो. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचा व्यापार असलेल्या घरात लाडाने मूठभर बेदाणे सहज पुढे केले जातात. द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एक दाणाही देऊ नये.

एकत्र कुटुंबात आणखी एक घोटाळा होतो. आजोबा ‘बैस’ म्हणतात, सूनबाई ‘खाली बस’, नातू ‘सिट’. तिन्ही शब्द न कळल्याने तो उभा राहतो आणि हट्टी ठरतो. सर्वांनी एकच शब्द ठरवावा, रोज पाच मिनिटे शिकवावे, आणि ऐकल्यावर लगेच बक्षीस द्यावे.

आणि तरीही दात लागलाच, तर कुत्रा घरचा आहे म्हणून हळद भरून थांबू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबाबत त्यांचा सल्ला घ्यावा.