ट्विटरने सरकारं पाडली का?

अरब देशांतल्या २०११च्या उठावांना ‘फेसबुक क्रांती’ म्हणायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. इजिप्तचंच पाहा. २८ जानेवारीला तिथे इंटरनेट जवळपास ठप्प होतं, मोबाइलही बंद. तरी त्याच शुक्रवारी नमाजानंतर कैरोच्या रस्त्यांवर प्रचंड लोक उतरले. माणसं फोनमुळे नाही, संतापामुळे बाहेर पडली होती. समाजमाध्यमांचं खरं काम वेगळं होतं. ट्युनिशियात सिदी बूझीदला आंदोलन पेटलं, तेव्हा तिथल्या लोकांनी फेसबुकवर टाकलेल्या चित्रफिती ‘अल जझीरा’ने दाखवल्या आणि घरी इंटरनेट नसलेल्यांनीही त्या टीव्हीवर पाहिल्या.

दुसरा गैरसमज: पत्रकार लोकांच्या पोस्ट आयत्या उचलतात, नाव लावतात, झालं. तसं करणारे आहेतच, आणि तोंडघशीही पडतात. मे २०१२मध्ये सीरियातल्या हौला हत्याकांडाच्या बातमीसोबत बीबीसीच्या संकेतस्थळावर २००३ सालचा इराकमधला फोटो झळकला होता. पण चांगलं काम कसं होतं, ते लिबियातल्या उठावाच्या वेळी दिसलं. एका उखळी तोफगोळ्यावर तारा आणि चंद्रकोर दिसली आणि ‘इस्रायली शस्त्रं!’ अशी आवई उठली. अमेरिकेच्या ‘एनपीआर’ या नभोवाणी संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या अँडी कार्विन यांनी ती तशीच पुढे न ढकलता ट्विटरवरच्या वाचकांना विचारलं, हे चिन्ह नेमकं कशाचं? उत्तर मिळालं: अंधारात उजेड पाडणाऱ्या गोळ्याचं. तारा म्हणजे प्रकाश, कोर म्हणजे पॅराशूट. चित्रफितीतले मिनार, दुकानांच्या पाट्या, सावल्या, बोलण्याची ढब, त्या दिवशीचं हवामान असं सगळं ताडून पाहणं हीसुद्धा बातमीदारीच आहे, आणि ती चिकाटीने करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हजारो लोकांनी शेअर केलं म्हणजे ते खरं, असंही नाही. दमास्कसमधली जी ब्लॉगलेखिका पळवली गेल्याच्या बातम्या जून २०११मध्ये जगभर छापून आल्या, ती स्कॉटलंडमध्ये शिकणारा एक अमेरिकी पुरुष निघाली. तिला प्रत्यक्ष भेटलेलं कुणीच सापडेना, तिथे बिंग फुटायला सुरुवात झाली.

सगळ्यात घातक समजूत मात्र ही, की एकदा पोस्ट केलं की ते सगळ्यांचं. गच्चीवरून मोर्चाचं चित्रण करणाऱ्याची गच्ची पत्रकार ज्या खुणांवरून शोधतो, त्याच खुणा पोलिसांनाही सापडतात. म्हणून आधी परवानगी मागायची. आवाज, चेहरे, खिडकीची कड, काय झाकायचं ते त्यालाच विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर कितीही मोठी बातमी असली तरी ती चित्रफीत वापरायची नाही.