प्रिंटर बिघडत नाही, त्याचा पत्ता बदलतो

दुपारी लाइट जाते, तासाभराने येते. संध्याकाळी मुलीचं हॉल तिकीट किंवा शेताचा सातबारा छापायला घ्यावा, तर संगणक सांगतो की प्रिंटर ऑफलाइन आहे. प्रिंटर तर समोर टेबलावर सुरू असतो. दिवा लागलेला, कागद भरलेला, शाईही आहे. मग प्रिंटर बंद करून चालू करणं, वायरी हलवून बघणं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं असं सगळं होतं आणि शेवटी कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘गेला बहुतेक.’ हा निकाल फार घाईचा असतो. अशा वेळी यंत्र बहुधा ठणठणीत असतं. संगणक त्याला जुन्या पत्त्यावर शोधत असतो, इतकंच.

घरच्या वायफायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.४. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६च्या इंटरनेट मानकात तसं नमूद आहे. म्हणूनच शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीचा पत्ता आणि तुमच्या प्रिंटरचा पत्ता एकच असला तरी काही अडत नाही. मात्र हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याच्या घरासारखा मुदतीचा असतो. आपल्याकडे घराचा करार अकरा महिन्यांचा, राउटरचा पुष्कळदा चोवीस तासांचा. निम्मी मुदत उलटली की यंत्र ती वाढवून मागतं आणि राउटर देतो. हे मुकाट्याने चालू असतं, त्यामुळे पत्ता महिनोन्महिने तोच राहतो आणि तो बदलू शकतो याची आपल्याला कल्पनाही नसते.

वीज गेली की इथेच घोळ होतो. कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद पुष्कळ राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात आणि वीज जाताच ती पुसली जाते. वीज परतल्यावर वाटप नव्याने सुरू होतं. काल प्रिंटरकडे असलेला पत्ता आज टीव्हीने घेतलेला असतो आणि प्रिंटरला दुसरा मिळालेला असतो. आणखी एक प्रकार घडतो. राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, प्रिंटर त्याच्या आधीच तयार होतो. पत्ता मागूनही उत्तर आलं नाही की तो स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता घेतो. तशी सोय मानकातच आहे. पण त्या पत्त्यावर घरातलं दुसरं कुणी त्याच्याशी सहसा बोलू शकत नाही. म्हणून वीज आल्यावर आधी राउटर सुरू होऊ द्यावा, इंटरनेट चालतंय याची खात्री करावी आणि मगच प्रिंटरचं बटण दाबावं.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटर संगणकाच्या मदतीशिवाय स्वतःची माहिती असलेलं एक पान छापू शकतो. छोटा पडदा असेल तर नेटवर्कच्या मेनूमधून, नसेल तर माहितीपत्रकात दिलेली बटणं दाबून. त्या पानावर ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ अशी ओळ असते. समजा तिथे १९२.१६८.१.७ आहे. आता विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘पोर्ट्स’ उघडा. खूण केलेल्या ओळीत १९२.१६८.१.४ दिसलं, तर सगळा उलगडा झाला. संगणक चारकडे निरोप पाठवतोय, प्रिंटर सातवर बसलाय. तिथला आकडा बदलला की अडकलेली पानं सुटतात.

पण पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. त्याच माहितीपानावर बारा अंक-अक्षरांचा ‘मॅक ॲड्रेस’ असतो, तो यंत्राला कारखान्यातच मिळालेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून हा मॅक ॲड्रेस आणि हवा तो आकडी पत्ता एकदा नोंदवला की राउटर तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवतो. दहा मिनिटांचं काम आहे. प्रिंटर बसवून देणारा माणूस ते करून देत नाही, आणि करून द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

राउटर किंवा पासवर्ड बदलल्यावर प्रिंटरची जोडणी तुटली असेल, तर कारण निराळं असतं. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत प्रसारण करतात. पहिल्याची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची साधारण सहा. लहान तरंगांवर वेग जास्त मिळतो, पण भिंतींतून जाताना ते लवकर क्षीण होतात. मजकुराचं पान पाठवायला तो वेग लागतच नाही, म्हणून घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे फक्त २.४ ओळखतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर जोडणी करताना कधी कधी गोंधळ होतो. तेवढ्यापुरती ५ची पट्टी बंद ठेवावी. संगणकही २.४वरच हवा हा मात्र गैरसमज आहे. दोन्ही पट्ट्या एकाच राउटरच्या, तो निरोप इकडून तिकडे पोचवतो. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत ओळखत नसेल, तर राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडावा.

पत्ता बरोबर, वायफाय बरोबर, तरी प्रिंटर यादीतच येत नाही? प्रिंटर शोधताना संगणक घरातल्या जाळ्यावर एक सामूहिक हाक देतो, ‘इथे छापणारं कुणी आहे का?’ प्रिंटर ओ देतो. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर घरातला प्रिंटर पुष्कळदा दिसेनासा होतो, कारण लॅपटॉपचा सगळा संवाद ऑफिसकडे वळवलेला असतो. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवरही तेच, तिथे यंत्रांना मुद्दाम एकमेकांपासून तोडलेलं असतं. विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करावं.

कधी जोडणी शाबूत असते आणि रांग तुंबलेली असते. छापायला दिलेली फाइल आधी विंडोजच्या ‘प्रिंट स्पूलर’ या सेवेकडे जाते. त्यातली एक फाइल अडकली की मागच्या सगळ्या थांबतात. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन स्पूलर थांबवावा, ‘सिस्टिम३२’मधल्या ‘स्पूल’ फोल्डरच्या आत ‘प्रिंटर्स’ फोल्डर आहे ते रिकामं करावं (फोल्डर तसंच ठेवावं, फक्त आतल्या फाइली काढाव्यात) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा.

राहिला ड्रायव्हर. प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलणारा हा प्रोग्राम वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मुठीत राहिला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना सूचना जावी म्हणून तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा होता, पण मूळ प्रोग्राम मिळाला नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागच्या कारणांत ते स्वतः हा प्रसंग सांगतात. आता चित्र बदलतंय. १९९९पासून ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ ही सामाईक भाषा आहे. ॲपलचं २०१०चं एअरप्रिंट आणि २०१३मध्ये काही कंपन्यांनी मिळून स्थापलेली मोप्रिया संघटना तिच्याच आधारावर उभी आहे. एअरप्रिंट किंवा मोप्रियाच्या पद्धतीने चालणाऱ्या प्रिंटरला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नवा प्रिंटर घेताना या दोन्हींपैकी एक तरी नाव खोक्यावर आहे का, ते दुकानातच बघून घ्या.

जुना असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा यूएसबी वायरने संगणकाला जोडा. वायरवर छापत असेल, तर टाकून देण्यासारखं त्यात काहीही झालेलं नाही.