डांबराच्या पलीकडची गाडीदुरुस्ती

मिरजेवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक १६६, पश्चिमेला कोल्हापूर ओलांडून आंबा घाटात उतरतो आणि पूर्वेला सोलापूरकडे निघतो. या एकाच रस्त्यावरून दोन्ही अंगांना डांबर सोडून आत शिरले की जमीन पालटते, आणि जमिनीबरोबर गाडीची दुखणीही पालटतात. मिरजेभोवती कृष्णाकाठची खोल काळी, उसाची जमीन आहे. पूर्वेला दंडोबाचा डोंगर मागे पडला की कवठेमहांकाळ, जत, आटपाडीचा मुरमाड माळ, बाभळी आणि धूळ सुरू होते. पश्चिमेला शिराळा, पाटण, शाहूवाडीच्या बाजूला तांबडी माती, जांभ्याचे सडे, ओढे आणि घाट आहेत. फोर बाय फोर गाडी घेऊन आडरानात जाणाऱ्याने कोणत्या वाटेवर काय मोडेल याचा अंदाज निघण्याआधीच बांधायचा असतो, आणि हत्यारांची पेटी त्या अंदाजानेच भरायची असते.

कुठे जाऊ नये, हेही आधी ठरलेले असावे. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनखात्याने ठरवलेल्या वाटांखेरीज गाडी नेता येत नाही. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो आणि त्यावरून एकदा चाक फिरले की तिथली फुले पुढच्या हंगामात उगवत नाहीत. गाडी चालवायला पाणंदी, गाडीवाटा आणि मुरमाचे रस्ते पुष्कळ आहेत.

पूर्वेच्या माळावर पहिला बळी टायरचा जातो. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये सरळ घुसतो आणि बऱ्याचदा तिथेच मोडून बसतो. हवा हळूहळू उतरत राहते, त्यामुळे मुक्कामाला पोचेपर्यंत कळतही नाही. भोक सापडायला साबणाचे पाणी पुरते. बुडबुडे येतील तिथला काटा पकडीने ओढायचा, कानशीने भोक खरवडायचे, चिकट द्रव लावलेली पट्टी सुईने आत रेटायची आणि बाहेर उरलेले टोक कापायचे. तुकडा आत राहिला तर पट्टी बसली तरी तो आतून रबर कुरतडत राहतो, म्हणून बोट फिरवून खात्री करावी लागते. पश्चिमेकडे काटा कमी आणि दगडाची धार जास्त. बसाल्टचा ताजा फुटलेला दगड टायरची बाजू चिरतो, आणि बाजूच्या भिंतीला पट्टी टिकत नाही. तिथे स्टेपनी हाच उपाय. स्टेपनीत हवा आहे का हे निघताना बघितलेले नसेल, तर स्टेपनी असून नसल्यासारखीच.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत मोडतोड कमी होते, पण गाडी रुतते मात्र हमखास. या मातीत चिकणमातीचा अंश फार असतो. पाणी पिऊन ती फुगते, आणि तिचा चिकटपणा इतका की टायरच्या नक्षीतल्या खाचा दोन-चार फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो. शेतकरी वापसा आल्याखेरीज रानात औत घालत नाही. गाडीवाल्यानेही पाणंदीला तोच नियम लावावा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे उंचवटा राहतो. त्या चाकोरीत चाके उतरली की डिफरन्शियल, म्हणजे डिफ, मधल्या उंचवट्यावर टेकतो. मग चारही चाके फिरत राहतात, पण गाडीचे वजन त्यांच्यावर नसतेच.

अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे हे पहिले काम. चाक जितके गरगरेल तितका खड्डा वाढतो, आणि अर्धा क्लच दाबून रेटारेटी केली तर क्लचप्लेट जळते. तिचा करपट वास आला की थांबून ती निवू द्यावी. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते काम शेतात होत नाही. त्यानंतर फावड्याने डिफखालची माती ओढून काढायची, चाकांपुढचा उतार सपाट करायचा, आणि मडगार्ड व टायर यांच्यात चिखलाचा जो लगदा अडकतो तो खुरप्याने मोकळा करायचा. टायरमधली हवा तिसेक पीएसआयवरून अठरा-वीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि त्याचा जमिनीशी टेकणारा भाग वाढतो. त्याहून फार खाली गेल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. चाकापुढे गोणपाट, दगड किंवा उसाचे पाचट अंथरायचे, लो रेंजमध्ये दुसरा गिअर टाकायचा आणि गाडी अलगद काढायची. जॅक लावायचा झाला तर खाली जाड फळी हवीच. फळीशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच जमिनीत जातो.

ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर जवळच मिळतो आणि ओढून काढायला माणसेही आपुलकीने येतात. धोका असतो तो घाईचा. टोचनाचा दोर किंवा साखळी चॅसिसच्या हुकलाच अडकवावी. बंपर, टायरॉड किंवा ॲक्सल यांना ती कधीही बांधू नये. ट्रॅक्टरने आधी दोर ताणून घ्यावा, मग हळू ओढावे. झटका दिला की हुक उपटतो आणि ताणलेल्या दोरासकट कुणाच्याही अंगावर येऊ शकतो. दोराच्या मधोमध मातीने भरलेले पोते टाकले तर तुटलेला दोर खाली पडतो. माणसांनी दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर उभे राहावे. गाडी निघाल्यावर एक काम उरते. पाचट सायलेन्सरभोवती आणि प्रोपेलर शाफ्टला गुंडाळलेले असते, ते उपसून काढणे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी साचलेली काजळी स्वतः जाळते, तेव्हा तिच्यातले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाते. कोरडे पाचट पेटायला तेवढे पुष्कळ झाले.

पाण्याचे गणित वेगळे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांपुढे गेले. उभ्या गाड्याही त्यात बुडाल्या. पुराच्या पाण्यात गाडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. पश्चिमेच्या ओढ्यांत मात्र रोजचा प्रश्न येतो. महिंद्रच्या २०२० च्या थारला कंपनीने ६५० मिलिमीटर खोलीपर्यंतचे पाणी मान्य केले आहे. हा आकडा संथ पाण्याचा आहे. ओढ्याला ओढ असेल तर त्याच्या निम्मे पाणीही गाडीला बाजूला सरकवते. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेले की इंजिन जागीच थांबते, कारण हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. इथे केलेली एक चूक फार महागात पडते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून बघितली तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. गाडी बाहेर ओढून एअर फिल्टर बघावा. तो ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लोप्लग उतरवून, इंजिन फिरवून पाणी त्या भोकांतून बाहेर काढावे, आणि मगच पुढचा विचार करावा. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ रंग दिसला तर इंजिन सुरूच करू नये.

जुन्या जीप, कमांडर, बोलेरो आणि पिकअपमध्ये दगडधोंड्यांच्या वाटेवर सगळ्यांत जास्त दगावतात ते पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून पाट्यांची ही रचना ग्रामीण महाराष्ट्रातल्या प्रत्येक फिटरच्या हाताखालून गेली आहे. मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. मागच्या बाजूच्या पाट्यात पुढचे टोक चॅसिसला पक्के असते आणि मागचे शॅकलवर झुलते. सगळे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेले असतात. त्या बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि दोन यू-बोल्ट सगळी चळत ॲक्सलवर आवळून धरतात. हादऱ्यांनी यू-बोल्टचे नट सैल होतात, आणि मग सगळा भार त्या बारक्या सेंटर बोल्टवर येऊन तो कातरला जातो. बोल्ट तुटल्याचा आवाज येतोच असे नाही. गाडी तिरकी चालू लागते, एक मागचे चाक मडगार्डच्या मधोमध न राहता मागे सरकलेले दिसते. खात्री करायला दोरी पुरते. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी धरायची आणि तीच उजव्या बाजूला लावून बघायची.

जवळ सेंटर बोल्ट असेल तर हे काम रस्त्याकडेला होते. चाकांना दगडाची उटी लावायची, चॅसिसखाली फळीवर जॅक घेऊन पाट्यांवरचा ताण काढायचा. गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून थोडा वेळ थांबायचे, मग गोटीपान्याने ते ढिले करायचे. पाट्यांची भोके टॉमी घालून एका रेषेत आणायची आणि नवा बोल्ट ओवायचा. त्याचे डोके बैठकीत बसले आहे हे बोटाने चाचपून घ्यायचे. चारही नट एकाआड एक, थोडे थोडे आवळत न्यायचे. एकच नट पूर्ण आवळला तर पाटे तिरके बसतात. पंधरा-वीस किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावावाच लागतो, कारण पाट्यांमधली माती दबून नट परत ढिले झालेले असतात.

मुख्य पाटाच तुटला असेल तर तो कुठे तुटला हे महत्त्वाचे. ॲक्सलच्या मागे तुटला तर ॲक्सल जागेवर राहतो. चॅसिस आणि ॲक्सल यांच्यात बाभळीचा ओंडका दोराने बांधून गाडी अगदी सावकाश डांबरापर्यंत नेता येते. पुढे तुटला तर ॲक्सलला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि ब्रेक दाबताच तो सरकतो. दुसऱ्या पाट्याचे टोक मुख्य पाट्याच्या कडीभोवती वळवलेले असेल तर तेवढा आधार मिळतो. नसेल तर ॲक्सल साखळीने पुढच्या ब्रॅकेटला आवळावा लागतो. तुटलेला पाटा वेल्ड करून देणारे भेटतात, पण ते करून घेऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगचे पोलाद ठिसूळ होते आणि पाटा जोडाच्या शेजारी पुन्हा तुटतो. मिरज, सांगली, कोल्हापूरच्या पाटेवाल्यांकडे नवा पाटा मिळतो, आणि झिजलेला बुश कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर कातून घेता येतो. चांगला पाटेवाला एकच बाजू बदलून गाडी सोडत नाही. दोन्हींची कमान मोजून उंची सारखी करतो.

डिझेल गाडी हवा घेते ही जुनी तक्रार. टाकी रिकामी झाली, फिल्टरची वाटी ढिली बसली किंवा रबरी नळी चिरली की नळीत हवा शिरते, सेल्फ फिरतो आणि गाडी घेत नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचा आणि हवा काढायचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करायचा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. कॉमन रेल इंजिनात हे काम फक्त फिल्टरपर्यंतच करावे. पुढच्या नळ्यांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो आणि तिथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते.

दिवाळीनंतर पूर्वेचे गवत वाळते आणि कुसळे रेडिएटरच्या जाळीत गच्च बसतात. गाडीचा काटा चढतो आणि दोष कूलंटला दिला जातो. इंजिन निवल्यावर पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी मारले की कुसळे निघतात. पुढून मारले तर आणखी आत रुततात. गरम रेडिएटरचे झाकण उघडून भाजून घेणारे दर हंगामात असतात. रेडिएटरला बारीक गळती लागली तर हळद टाकायची जुनी रीत आहे आणि तिने काही किलोमीटर निभतातही. पण तोच गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवतो, म्हणून गावात पोचताच सगळे धुऊन काढावे. डिझेलच्या टाकीला दगड लागून पाझर फुटला तर कपड्याचा ओला साबण चोळून दाबला की गळती थांबते.

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना मोडतोड दिसत नाही, ब्रेक सोडून जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट तीन दर्जाचे कोरे ऑइल २०५ अंशांना उकळते, ओल शोषलेले १४० अंशांच्या पुढेच. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल फरशीला टेकते. तेव्हा खालच्या गिअरवर गाडी रोखावी आणि कडेला घेऊन पाऊण तास थांबावे. गरम डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. ओढा ओलांडल्यावर थोडे अंतर ब्रेकला हलका पाय ठेवून चालवले की पॅड सुकतात.

नव्या गाड्यांत एखादा सेन्सर बिघडला की इंजिन आपोआप ताकद कमी करते. स्कॅनरशिवाय त्यावर उपाय नाही. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज आणि ओली झालेली जोडणी बघावी, आणि उरलेल्या ताकदीवर गाव गाठावे.

पेटीत चाकपाना, गोटीपाना, पकड, टॉमी, जॅक, फळी, पंक्चरच्या पट्ट्या, हवेचा पंप, फॅनबेल्ट, फ्यूज, सेंटर बोल्ट, वायर, साखळी, फावडे आणि प्यायच्या पाण्याखेरीज वीस लिटर पाणी असावे. एकट्या गाडीने आडरानात जाऊ नये. आणि ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाचे बोल्ट यांपैकी काही गेले असेल, तर वाटेवरच्या जुगाडावर गाडी चालवू नये. ती ट्रकवर घालूनच मिरजेला आणावी.