निरोगी बाळाच्या नाकातील जंतू

अंगणात खेळणाऱ्या निरोगी बाळाच्या नाकात न्युमोनियाचा जंतू असू शकतो, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. न्यूमोकॉकस हा जिवाणू लहान मुलांच्या नाक-घशाच्या मागच्या भागात काही आठवडे बिऱ्हाड करतो आणि बहुधा अपाय न करता निघून जातो. पण क्वचित तो फुफ्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात उतरतो, तेव्हा मुलाच्या जिवावर बेतते.

मग आजारी मुले सोडून निरोगी मुले का तपासावीत? माझ्या मते याचे उत्तर व्यवहारातच आहे. आमच्या जनवाड्यासारख्या गावातले मूल बिदरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला प्रतिजैविक औषध मिळालेले असेल, तर रक्ताच्या तपासणीत जंतू वाढत नाही. उलट, निरोगी मुलांच्या नाकातून बारीक लवचीक काडीने घेतलेले नमुने, गावात या जंतूचे कोणते प्रकार फिरत आहेत आणि कोणती औषधे त्यांना लागू पडतात, हे दाखवितात.

प्रकारांना एवढे महत्त्व का? जंतूभोवतीच्या शर्करामय आवरणावरून त्याचे १०० हून अधिक प्रकार ठरले आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये आणलेली लस त्यांपैकी १० प्रकारांपासून संरक्षण देते. सरकारी कार्यक्रमात न्यूमोकॉकसवरील प्रतिबंधक लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली.

अमेरिकेत २००० साली ७ प्रकारांवरील लस सुरू झाली. ते प्रकार मुलांच्या नाकातून हटले आणि लस न घेतलेल्या वृद्धांतही आजार घटला. परंतु रिकाम्या जागी '१९ ए' हा लसीबाहेरचा प्रकार वाढला. शेवटी २०१० मध्ये तो समाविष्ट असलेली १३ प्रकारांवरील लस आली. असा बदल वेळीच कळावा म्हणून ठरावीक वर्षांनी त्याच भागात, त्याच वयाच्या मुलांचे नमुने घ्यावे लागतात. अर्थात 'प्रकार १' नाकात क्वचितच सापडतो, तरी गंभीर आजार करतो. म्हणून रुग्णालयातील नोंदीही जोडीला हव्यातच.

आपल्या भागातील माणसे कामासाठी उदगीरला जातात, हैदराबादला जातात. त्यांच्याबरोबर जंतूही प्रवास करतो. फिरतीत बाळाचा डोस मात्र मागे राहतो. मित्रहो, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या तीन वेळा आपण घरोघरी मराठीत व कन्नडमध्ये सांगू या. उद्या नमुने घेणारे पथक गावात आले, तर घाबरलेल्या आईला त्याचे कारणही आपणच समजावू शकू.